पंचवीसपैकी पंचवीस

“बाई आवडतात का तुला?” साहेबांनी विचारलं.

सोमलता ताठ उभी होती. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, हाताची घडी, पाय जुळवलेले. रिबिनी मीच घरून आणल्या होत्या. तिने नुकतीच अख्खी कविता कुठेही न अडखळता म्हणून दाखवली होती. ‘ण’ला ‘ण’, ‘ळ’ला ‘ळ’, ‘श’ला ‘श’. विस्तार अधिकारी साहेब खुर्चीत पुढे सरकले होते आणि माझ्याकडे वळून म्हणालेही होते, की आठल्येबाई, ही लमाण्याची पोर आहे असं वाटत नाही हो. मी खाली बघून हसले होते. नव्या नवरीच्या पहिल्या पुरणपोळीला कोणी छान म्हणावं आणि तिने पदर सावरावा, तसलं ते हसणं होतं.

“हो,” सोमलता म्हणाली.

“एवढ्या आवडतात? कोण लागतात बाई तुझ्या?”

तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडभर हसली आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं ते असं: “बाई माझी येडी.”

वर्गात सत्तावीस पोरं होती. क्षणभर कोणाला काही कळलं नाही, मग मागच्या ओळीतून एक जण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळा वर्ग फुटला. साहेबसुद्धा हसले, पोट धरून हसले. घ्या बाई, म्हणाले, एवढं शिकवून शेवटी तुम्हालाच पदवी मिळाली. मग चहा झाला, पोहे झाले, आणि शेरेबुकात त्यांनी लिहिलं, ‘विद्यार्थी निर्भीड आहेत.’ ते तीन शब्द मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीय म्हातारी.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. आमच्या शिरखोलीच्या मागच्या डोंगरात रेल्वेचा बोगदा खणायचं काम चाललं होतं आणि त्या कामावर सोलापूरकडची लमाणी माणसं आली होती. ओढ्यापलीकडे त्यांची पालं पडली होती. गावाला त्यांचं मोठं वावडं. विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत, येता जाता नाकाला पदर लावायचे. मी मात्र तसली नव्हते, असं मला वाटायचं. मी शिकलेली बाई. आजोबा वेदपाठशाळेत शिकवायचे, वडील हायस्कुलात संस्कृत. आमच्या घरात कोणी ‘पानी’ मागितलं तर मिळायचं नाही, नीट ‘पाणी’ म्हणेपर्यंत घसा कोरडा ठेवून उभं राहायचं. शुद्ध बोलणं हे अंघोळीसारखं असतं, रोजच्या रोज करावं लागतं, असं वडील सांगायचे आणि मी माझ्या वर्गाला तेच सांगायचे. अठरा वर्षं सांगत होते.

आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक मोहिते गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मोहिते गुरुजी सज्जन माणूस, बौद्धवाडीतले. त्यांनी डबा पुढे केला की मला नेमका उपास असायचा. आठवड्यातून सहा दिवस. त्यांनी कधी विचारलं नाही, आज कसला उपास म्हणून.

सोमलता तिसरीच्या मध्यात आली. तिचा बाप, थावरू चव्हाण, तिला हाताला धरून घेऊन आला. दुसरीपर्यंत ती तिकडे तांड्यावरच्या शाळेत शिकली होती. मी आडनाव दोनदा विचारलं, कारण लमाण्यांत चव्हाण असतील हे मला खरंच वाटेना. पोरीचं नाव त्याने सांगितलं, सोमली. मी म्हटलं, सोमली हे काय नाव झालं, सोमलता लिहिते. थावरूनं मान हलवली. पोरीला शाळेत घेतात की नाही या धास्तीत उभा असलेला माणूस, मी तिचं नाव दगड लिहिलं असतं तरी त्याने मान हलवली असती.

मग मी तिच्या मागेच लागले. खोटं कशाला बोलू, जीव लावला मी तिला. केसांतल्या उवा काढल्या, नखं कापली, माझ्या मुलीचे जुने फ्रॉक दिले. तिला दाराजवळ बसवलं, मोकळी हवा लागावी म्हणून. पाणी प्यायचा पेला वेगळा ठेवला, साथीचे आजार पसरतात म्हणून. पोरं तिच्या शेजारी बसायला कुरकुरायची तर त्यांना ओरडायचे, पण जागा काही बदलली नाही, उगाच भांडणं नकोत म्हणून. माझ्या प्रत्येक गोष्टीला असा एक ‘म्हणून’ असायचा.

पोरगी मात्र लखलखीत हुशार. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. शाळा सुटली की माझी पिशवी घेऊन ओढ्यापर्यंत बरोबर यायची आणि वाटेत दिसेल त्याचं नाव विचारायची. हे काय, ते काय. मी सांगायचे, ती घोकायची. तिच्या भाषेत त्याला काय म्हणतात, हे दीड वर्षात मी एकदाही विचारलं नाही. गरजच वाटली नाही हो. तिची ती भाषा म्हणजे मला अंगावरचा मळ वाटायचा, तो काढून टाकायचा एवढंच माहीत. ओढ्याशी आलं की ती पिशवी माझ्या हातात द्यायची आणि पलीकडे पळायची. ओढा मी कधी ओलांडला नाही.

चौथीत ती वर्गात पहिल्या तिघांत होती. जानेवारीत थावरू शाळेत येऊन सांगून गेला, की पोरीचा मामा सोलापूरला एका वसतिगृहात स्वयंपाकी आहे. पोर चौथी पास झाली, दाखला मिळाला, तर तो तिला तिथे पाचवीला घालणार. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच.

“नायतर मग हितंच,” थावरू म्हणाला होता. “तिच्या वयाच्या समद्या घमेलं उचलत्यात बाई. दोन सालानं लगीन.”

मी म्हटलं होतं, तुमची पोर पहिल्या वर्गात पास होईल, ते माझ्याकडे लागलं. आणि ते मी उगाच बोलले नव्हते. सोमलताचं सोलापूर हे माझंच सोलापूर होऊन बसलं होतं. शाळेत, घरी, हळदीकुंकवाला, जिथे तिथे मी तिची गोष्ट सांगायचे. काय होती आणि काय केली. साहेब तपासणीला येणार कळल्यावर तर पंधरा दिवस आधीपासून तिच्याकडून कविता घोकून घेतली होती. आणि त्याच तोंडाने ती सगळ्यांसमोर मला येडी म्हणाली.

साहेबांची जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात जोडून हसत उभी राहिले. मग वर्गात आले. पोरं अजून खुसखुसत होती, मला बघून गप्प झाली. सोमलता जागेवर उभीच होती. तिच्या तोंडावर अजून हसू होतं. आपण फार छान उत्तर दिलं असं वाटत असतं ना पोरांना, तेव्हाचं हसू.

“काय म्हणालीस साहेबांना?”

“याडी, बाई.”

मी थोबाडीत दिली. माझ्या हाताची बोटं तिच्या गालावर उमटली. ती रडली नाही, गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग घाईघाईने समजावून सांगायला लागली, “बाई, याडी मंजे...”

“मंजे नाही, म्हणजे,” मी म्हटलं आणि दुसरी दिली.

हो. तेवढ्यातही उच्चार सुधारला मी. ती ‘म्हणजे’पर्यंत आली होती. त्याच्या पुढचा एकच शब्द ऐकायचा होता मला, पण तो तिच्या तोंडातच राहिला. वर मी आणखी एक वाक्य बोलले. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगते. मी म्हटलं, कितीही घासलं तरी शेवटी जात दाखवलीसच ना. सत्तावीस पोरांसमोर म्हटलं. ती पोरं आता बापये-बायका झाली असतील, त्यांतल्या काहींनी ते वाक्य पुढे कुणाकुणाला ऐकवलंही असेल.

“घाण शब्द आहे तो,” मी म्हटलं. “पुन्हा तोंडातून काढायचा नाही. आईबापांना घेऊन ये. तोपर्यंत वर्गात पाय ठेवायचा नाही.”

तिने दप्तर उचललं आणि गेली.

वार्षिक परीक्षा दहा दिवसांवर आली होती. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी बाप येईल, दोन शब्द सुनावू आणि विषय संपेल. पण थावरूची पाळी बोगद्यात सकाळची, सोडलं तर रोज बुडणार आणि मुकादम दुसरा माणूस घेणार. तो आला नाही. सोमलता मात्र आली. शाळेच्या दगडी गडग्याबाहेर, माझ्या वर्गाच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. आत मी उजळणी घेत होते. पोरं पाढे म्हणायची तेव्हा बाहेर तिचेही ओठ हलायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. मधल्या सुट्टीत मोहिते गुरुजींनी विचारलं, बाई, ती पोर उन्हात का उभी आहे? मी सांगितलं, उद्धटपणा केलाय, जरा कळू दे. ते आपल्या वर्गात गेले. तिसऱ्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. ऊन येतं म्हणून.

चौथ्या दिवशी दोघं आली. थावरूच्या अंगावर बोगद्याची पांढरी धूळ तशीच होती, मधूनच सुटून आला असावा. त्याच्या मागे सोमलताची आई. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. घेरदार घागरा, आरशांची चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. माझ्याच वयाची असेल, कदाचित लहानही. मोहिते गुरुजी त्यांच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. माझी पोरं माना उंच करून बघायला लागली.

थावरूनं हात जोडले. “पोरगी ल्हान हाय, बाई. काय बोलली ती मला नीट सांगंना. पर चुकली आसंल. परीक्षेला बसू द्या. तिचा मामा वाट बघतोय.”

मी म्हटलं, सांगणार कशी, सांगण्यासारखं असेल तर ना. मोठ्या माणसांशी कसं बोलावं हे घरात शिकवायचं असतं. त्याने ऐकून घेतलं. मग त्याची बायको पुढे आली. तिला मराठी येत नव्हतं. ती माझ्या पायांपासून हातभर लांब बसली, मला शिवू नये एवढं अंतर तिने आपणहून ठेवलं, आणि जमिनीला हात लावून कपाळाला नेले. मग वर बघून म्हणाली, “याडी.”

आणि पुढे खूप काही बोलली. मला त्यातलं काही कळलं नाही. पण तो शब्द मधून मधून येत होता. दर दोन वाक्यांनी. याडी, असं म्हणायची, हात जोडायची, पोरीकडे दाखवायची, पुन्हा याडी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता मला सांगा, पोरीसाठी पदर पसरायला आलेली बाई समोरच्या बाईला वेडी म्हणेल का? दगडालाही कळलं असतं. मला कळलं. शब्दाचा अर्थ नाही कळला, पण तो शिवी नाही, तो हात जोडून म्हणायचा शब्द आहे, एवढं तिथेच, त्याच क्षणी कळलं. सोमलता आईच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, आता बाईंना समजलं.

आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “ठीक आहे. या वेळी माफ करते. पुन्हा असं व्हायला नको.”

थावरूनं बायकोला त्यांच्या भाषेत सांगितलं. ती उठली, पुन्हा जमिनीला हात लावून नमस्कार केला, आणि दोघं घाईघाईने गेली. सोमलता दाराजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर मोहिते गुरुजी ऑफिसात आले. मी हजेरी आवरत होते.

“बाई, मी पहिली चार वर्षं बार्शीकडे होतो. तिकडे तांडे आहेत.”

मी हजेरीच्या वहीत आकडे मांडत राहिले.

“याडी म्हणजे आई. मोठ्या बाईला मानानंही म्हणतात. आपण बाईमाणसाला माउली म्हणतो ना, तसं. तेवढ्यासाठीच बाहेर काढली होती का पोरीला?”

मी हजेरीच्या वहीतून मान वर केली नाही. मी विचारलं, मग आता काय करायचं.

“काय करायचं असतं त्यात? उद्या वर्गात सांगा. माझी चूक झाली, तो शब्द चांगला आहे, आई असा त्याचा अर्थ आहे. पोरीला जवळ घ्या. पोरं दोन दिवसांत विसरतील, आणि ती जन्मभर लक्षात ठेवील.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. रात्रभर मनात वाक्यं जुळवली. सकाळी वर्गात गेले, हजेरी घेतली, खडू हातात घेतला. पोरं माझ्याकडे बघत होती. सरपंचांचा मुलगा, दुकानदाराची मुलगी. हे घरी जाऊन सांगणार, बाईंनी लमाण्याच्या पोरीची माफी मागितली. अठरा वर्षांत मी वर्गासमोर एकदाही चुकले नव्हते. चुकले असेन, पण चुकले म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, चला, उजळणीची पुस्तकं काढा. दुसऱ्या दिवशी सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. मग परीक्षाच आली.

मोहिते गुरुजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, सांगितलं का, अशा नजरेनं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पुन्हा नाही विचारलं. असल्या बाबतीत पुन्हा विचारायची त्यांना सवयच नव्हती, माझ्या उपासांनी लावलेली.

सोमलताने लेखी पेपर सगळे लिहिले. मग तोंडी परीक्षा. पंचवीस गुणांची. एकेकाला टेबलापाशी बोलवायचं, कविता म्हणून घ्यायची, चार प्रश्न विचारायचे. तिचं नाव पुकारलं, ती आली, हाताची घडी घालून उभी राहिली. मी म्हटलं, तुला येते ती म्हण, कोणतीही. ती गप्प. म्हटलं, साहेबांसमोर म्हटलीस ती म्हण. ती जमिनीकडे बघत राहिली. बरं, तुझ्या गावाचं नाव सांग. बरं, आठवड्याचे वार सांग.

“सोमलता, नुसतं तुझं नाव सांग ग मला,” मी शेवटी म्हटलं.

तिने ओठ मिटून घेतले होते. आत पाणी धरून ठेवल्यासारखे. उद्धटपणा नव्हता त्यात. ती भ्यालेली होती. तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल आणि ते मला काय ऐकू येईल, याचा तिला भरवसा उरला नव्हता.

मी तिला जागेवर पाठवलं आणि तिच्या नावापुढे लिहिलं, पंचवीस. संध्याकाळी गुणपत्रकावर सही करताना मोहिते गुरुजींचं बोट त्या आकड्यावर थांबलं.

“बोलली का?”

“हो,” मी म्हटलं. “छान बोलली.”

त्यांनी सही केली. लेखीत ती तशीही उत्तम पास होत होती, तोंडीचा शून्य धरूनसुद्धा. ते पंचवीस गुण तिच्या काही उपयोगाचे नव्हते. ते मी स्वतःला दिले होते.

निकालाच्या दिवशी ती आली नाही. थावरूही दाखला न्यायला आला नाही. चार-पाच दिवस वाट बघितली. मग मोहिते गुरुजींनी बातमी आणली. मुकादम बाजारात भेटला होता, त्याच्याकडून कळलं, की मामा सोलापूरहून न्यायला आलाय आणि पोरगी जात नाही म्हणून हटून बसलीय.

मी दाखला तयार केला, वर निकालपत्रक ठेवलं आणि दुपारची निघाले. ओढा कोरडा पडला होता. पलीकडे जायला दहा पावलं लागली. वाटेत मी काय बोलायचं ते पक्कं केलं होतं. सगळ्यांसमोर तिला विचारायचं, याडी म्हणजे काय. ती म्हणेल, आई. मग मी म्हणणार, बरोबर, तुझंच बरोबर होतं, बाईच चुकल्या. तिच्या माणसांदेखत म्हणणार. वर्गासमोर जमलं नाही ते इथे तरी जमेल, असं मला वाटत होतं. इथे मला ओळखणारं होतंच कोण?

पालाच्या सावलीत थावरू आणि मामा बसले होते. मला बघून दोघं उठले. थावरूनं एक पोतं झटकून अंथरलं. थोड्या अंतरावर सोमलता खडी निवडत होती. बारीक एका ढिगात, मोठी दुसऱ्यात. मी दिसताच ती उभी राहिली आणि खडीनं पांढरे झालेले हात तसेच छातीशी घडी करून ठेवले.

मी दाखला थावरूच्या हातात दिला. म्हटलं, पोर पहिल्या वर्गात पास आहे, हिला पाठवा. तो कागदाकडे बघत राहिला.

“मी पाठवतोय, बाई. तीच न्हाई म्हनती. मी इचारलं, का ग? तर म्हनती, तिथं बी बाई आसनार.”

मामा मला न्याहाळत होता. पांढरा सदरा घातलेला, चांगलं मराठी समजणारा माणूस. मी त्याच्याकडे न बघता पोरीजवळ गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती ताठ झाली.

“एक विचारू का ग? खरं खरं सांगायचं हं.” मी म्हटलं. “याडी म्हणजे काय?”

तिने उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, अगदी स्पष्ट, ‘ण’चा ‘ण’ म्हणत.

“घाण शब्द, बाई. मी आता म्हणत नाही.”

थावरूला पुरतं समजलं नसावं. मामाला समजलं. तो माझ्याकडे बघत राहिला. ती वेळ होती. अजूनही वेळ होती. नाही ग बाळा, एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढं मला बोलता आलं नाही. लाज वाटली, आणि कसली, तर एका लमाणी स्वयंपाक्यासमोर चूक कबूल करायची. काय माणूस मी. माझ्या तोंडून निघालं ते असं, की बाई ग, ऊन किती आहे, मला जरा पाणी देतेस का?

त्यांच्या घरचं पाणी पिते आहे, म्हणजे काहीतरी फेडते आहे, असं वाटलं असेल मला.

मामा दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. पावसाच्या आत कामाची जागा बदलली आणि ती सगळी पालं उठली. सोमली पुन्हा कुठल्या शाळेची पायरी चढली की नाही, मला माहीत नाही. विचारणार तरी कोणाला आणि कोणत्या तोंडाने? पण त्या दुपारचं एवढं राहिलं आहे, तेही सांगून टाकते.

मी पाणी मागितल्यावर ती पालाच्या दुसऱ्या बाजूला वळली. तिथे तिची आई आमच्याकडे पाठ करून चुलीवर भाकरी भाजत होती. सोमलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, नीट उभी राहिली आणि हाक मारली.

“आई, बाईंना पाणी.”

आईने भाकरी उलटली. मागे वळून बघितलं नाही.

“आई,” सोमली जरा मोठ्याने म्हणाली.

चार पावलांवर बसली होती ती बाई. पोरीचा आवाज तिला ऐकू येत होता. पण पोर तिलाच हाक मारते आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.